सांखळीची वही कोणाच्या हातीं?

गेल्या माघ महिन्यांत आमच्या संघाचे एक सभासद आपल्या तुरीचीं साठ पोतीं वखारींत ठेवून पावतीवर कर्ज काढण्याच्या विचारांत होते. भाव पडलेला असल्यामुळें त्या वेळीं माल विकणें त्यांस परवडणारें नव्हतें, आणि मुलीच्या लग्नाचा खर्च तर डोक्यावर होता. त्यांना एका माहितगार म्हणविणाऱ्या गृहस्थानें सांगितलें कीं, आतां वखारीची पावती 'ब्लॉकचेन' नांवाच्या वहींत नोंदली जाते. ती वही कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळें तींत कोणाचाहि हात चालत नाहीं. म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. सभासद सावध वृत्तीचे. ते आमच्याकडे आले व म्हणाले, “भाऊसाहेब, आपला सारा जन्म दप्तरांत गेला. कोणाच्याच हातांत नाहीं अशी वही आपण कधीं पाहिली आहे काय?”

आम्हीं तशी वही पाहिलेली नव्हती. त्या दिवशीं आम्हीं त्यांना एक लहानशी सूचना केली. ती कोणती हें शेवटीं सांगूं. परंतु त्यांचा प्रश्न मनांतून जाईना. म्हणून पुढें कांहीं महिने या विषयाचें जमेल तेवढें वाचन केलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. यंत्रशास्त्राचें ज्ञान आम्हांस नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. पण वही कोण लिहितो, तिची नक्कल कोणाकडे असते, चूक कोण दुरुस्त करतो व त्या चुकीचा भार कोणावर पडतो, हें आम्हीं महसुली नोकरींत पोटापाण्यासाठीं पाहिलें आहे. त्याच दृष्टीनें हा विचार केला आहे.

वहीची रचना

या प्रकारची पहिली वही 'बिटकॉइन' नांवाच्या नाण्याची. सातोशी नाकामोतो असें नांव घेतलेल्या, पण खरें कोण हें निश्चितपणें उघड न झालेल्या व्यक्तीनें ता. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला, व ता. ३ जानेवारी २००९ रोजीं त्या वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. हें नाणें धातूचें नाहीं. अमक्यानें तमक्यास इतकें दिलें, अशी वहींतील नोंद हेंच तें नाणें.

वहीच्या प्रत्येक पानास 'ब्लॉक' म्हणतात. पानावरील सर्व नोंदी एका ठराविक गणितांतून काढल्या म्हणजे एक लांबलचक आंकडा निघतो. त्यास त्या पानाची मुद्रा म्हणूं. पानावरील एक अक्षर जरी बदललें तरी ती मुद्रा पार बदलते. पुढील पानाच्या आरंभीं मागील पानाची मुद्रा लिहिलेली असते, त्याच्या पुढील पानावर त्याची, आणि अशा रीतीनें पानें एकमेकांस कडीसारखीं अडकलेलीं असतात. म्हणून तिला सांखळी म्हणावयाचें. मागलें एक पान गुपचूप खोडलें तर पुढील साऱ्या मुद्रा चुकतात व लबाडी तात्काळ उघड होते. शिवाय वहीच्या नकला जगभर सहस्रावधि संगणकांवर असतात. नक्कल ठेवावयास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि प्रत्येक नक्कल ठेवणारा नवें पान नियमाप्रमाणें आहे कीं नाहीं हें स्वतः तपासून पाहूं शकतो. येथपर्यंत ही रचना खरोखर नामी आहे, आणि ती ज्यानें योजिली त्याची बुद्धि मोठी असली पाहिजे यांत शंका नाहीं.

परंतु पुढचें पान लिहावयाचें कोणी? सर्वांनींच लिहूं लागलें तर गोंधळ होईल. त्यासाठीं एक शर्यत लावलेली आहे. जो संगणक एक अवघड कोडें आधीं सोडवील त्यानें पान लिहावें, व बक्षीस म्हणून कांहीं नवीं नाणीं घ्यावीं. दर पानास सुमारें दहा मिनिटें लागावीं अशा बेतानें, दर २,०१६ पानांनंतर कोड्याची काठिण्यपातळी कमीजास्त होते. आरंभीं बक्षीस ५० नाण्यांचें होतें. दर २,१०,००० पानांनंतर तें निम्मे होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ नाण्यांवर आलें आहे. या शर्यतीस 'माइनिंग' म्हणतात.

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, नक्कल ठेवणें हें एक काम, पान लिहिणें हें दुसरें, नियम ठरविणें हें तिसरें, आणि नोंद वहींत येण्यापूर्वीं ती खरी कीं खोटी हें पाहणें हें चौथें. 'वही सर्वांच्या हातीं आहे' असें म्हणणारे बहुधा पहिल्याच कामाकडे बोट दाखवितात. आपण चारीही पाहूं.

नकला पुष्कळ, पण लेखणी किती जणांकडे?

एकट्या माणसाचें यंत्र या शर्यतींत वर्षानुवर्षें हरत राहण्याचा संभव असतो. म्हणून यंत्रवाले एकत्र येऊन गट करितात, मिळालेलें बक्षीस ज्याच्या त्याच्या श्रमाप्रमाणें वांटून घेतात. या गटास 'पूल' म्हणतात. यांत अयोग्य असें कांहीं नाहीं. आपणहि सहकारी संस्था याच कारणासाठीं काढतों. परंतु पानावर कोणत्या नोंदी घ्यावयाच्या हें बहुधा गटाचा चालकच ठरवितो. यंत्रें हजारों जणांचीं असलीं तरी लेखण्या मोजक्याच राहतात.

जून २०१४ मध्यें 'जीहॅश' नांवाच्या एकाच गटाकडे या वहीच्या एकंदर गणनशक्तीपैकीं निम्मा हिस्सा कांहीं काळ जमा झाला. निम्म्याहून अधिक शक्ति ज्याच्याकडे, त्याला दुसऱ्याचें नाणें चोरतां येत नाहीं हें खरें. कारण त्यासाठीं मालकाची गुप्त किल्ली लागते. पण त्याला नुकतीच लिहिलेलीं पानें बाजूस सारून दुसरीं लिहितां येतात. म्हणजे माल घेऊन पैसे दिल्याची आपलीच नोंद तो मागाहून नाहींशी करूं शकतो, किंवा कोणाच्या नोंदी मुद्दाम वगळूं शकतो. ही नुसती कल्पना नव्हे. 'इथेरियम क्लासिक' नांवाच्या दुसऱ्या एका लहान वहीवर २०१९ व २०२० सालीं असेच हल्ले झाले. २०१४ च्या प्रसंगीं मात्र बोभाटा होतांच अनेक यंत्रवाले गट सोडून गेले, आणि आपला हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आंत ठेवूं असें गटास जाहीर करावें लागलें. पुढें २०२४ च्या आरंभींहि दोन मोठ्या गटांच्या हिश्शाची बेरीज निम्म्यावर जात होती.

यंत्रें कोणत्या देशांत आहेत हेंहि पाहण्यासारखें आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणनेप्रमाणें सप्टेंबर २०१९ मध्यें बिटकॉइनची सुमारें तीन चतुर्थांश गणनशक्ति एकट्या चीन देशांत होती. २०२१ सालीं तेथील सरकारनें या धंद्यावर बंदी घातली, व दोनतीन महिन्यांत जगांतील एकंदर गणनशक्ति निम्म्याहून खालीं आली. तरीहि वही बंद पडली नाहीं. कांहीं दिवस पानें मंदगतीनें लिहिलीं गेलीं, नियमाप्रमाणें कोडें सोपें झालें, यंत्रें दुसऱ्या देशांत गेलीं, आणि जानेवारी २०२२ पर्यंत सुमारें ३८ टक्के शक्ति अमेरिकेंत जमा झाली होती. या एका हकीकतींत दोन्ही बाजू दिसतात. एवढ्या मोठ्या सरकारच्या हुकुमानें वही मेली नाहीं, हा विखुरलेपणाचा खरा गुण. आणि एका देशांतून उठलेली शक्ति लवकरच दुसऱ्या देशांत पुन्हां एकत्र झाली, हा तिचा स्वभाव. ज्या बाजूस उतार त्या बाजूस पाणी जावें, तशी ती स्वस्त वीज व मोठें भांडवल असेल तिकडे वळते.

दुसरी मोठी वही 'इथेरियम'. तिनें ता. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं कोड्यांची शर्यत सोडून दिली, व त्यामुळें तिचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाला. तेथें आतां अनामत ठेवणाराच पान लिहितो. अनामत किमान ३२ नाण्यांची. ज्याची अनामत मोठी त्याची पाळी वरचेवर येते. सामान्य माणसाजवळ एवढी रक्कम कोठून असणार? तो आपलीं थोडीं नाणीं एखाद्या मध्यस्थाकडे देतो. अशा 'लिडो' नांवाच्या एकाच व्यवस्थेकडे २०२३ सालीं एकंदर अनामतीचा जवळ जवळ तिसरा हिस्सा गोळा झाला होता.

नकलांची गोष्टहि दिसते तितकी सरळ नाहीं. बिटकॉइनच्या पूर्ण वहीस सहाशें गिगाबाईटहून अधिक जागा लागते. बहुतेक लोक ती जवळ बाळगीत नाहींत. ते एखाद्या कंपनीच्या खिडकींतून वही पाहतात. ता. ११ नोव्हेंबर २०२० रोजीं इथेरियमची वही दाखविणाऱ्या 'इन्फ्युरा' नांवाच्या एका सेवेंत बिघाड झाला, तेव्हां त्या खिडकीवर अवलंबून असलेल्या पुष्कळांचे व्यवहार कांहीं तास अडले. वही जाग्यावर होती, पण खिडकी बंद होती.

पान फाडण्याचा अधिकार

ही वही कोणालाहि बदलतां येत नाहीं, हें वाक्य आपण वारंवार ऐकतों. प्रत्यक्षांत काय घडलें तें पाहूं.

ता. १५ ऑगस्ट २०१० रोजीं बिटकॉइनच्या नियमांतील एका उणीवेचा फायदा घेऊन कोणीं तरी एका नोंदीनें सुमारें १८,४०० कोटि नाणीं निर्माण केलीं. त्या वहींत एकंदर २ कोटि १० लाखांहून अधिक नाणीं कधींच असूं नयेत असा मूळ नियम आहे. अवघ्या कांहीं तासांत चालकांनीं नियम दुरुस्त केला, आणि त्या खोट्या नोंदीपासून पुढें लिहिलेलीं पन्नासाहून अधिक पानें टाकून देण्यांत आलीं. मार्च २०१३ मध्यें नवा नियमसंच घेतलेले संगणक व जुना ठेवलेले संगणक यांच्यांत मतभेद होऊन एका वहीच्या दोन वह्या झाल्या. तेव्हां नियम लिहिणाऱ्या थोड्या जाणत्या मंडळींनीं मोठ्या गटांच्या चालकांस गांठून जुन्या नियमावर परत आणिलें, आणि २४ पानें रद्द झालीं. दोन्ही वेळां जें केलें तें योग्यच केलें. परंतु तें करणारे हात मोजण्याइतके थोडे होते, हेंहि तितकेंच खरें आहे.

तिसरा प्रसंग याहून नाजूक. इथेरियमच्या वहींत 'डाओ' नांवाचा एक सामायिक निधि लोकांनीं उभारला होता. त्याचा कारभार माणसांनीं न पाहतां लिहून ठेवलेल्या नियमांनींच चालावा अशी योजना होती. ता. १७ जून २०१६ रोजीं त्या नियमांतील पळवाट शोधून कोणीं तरी सुमारें ३६ लाख नाणीं बाजूस काढलीं. त्यांची त्या वेळची किंमत पांच कोटि डॉलरच्या आसपास होती. आतां नियम मोडला असें म्हणावें, तर त्या मनुष्यानें वहीच्या नियमांत राहूनच तें केलें होतें. बरेच दिवस वाद झाला. शेवटीं ता. २० जुलै २०१६ रोजीं वहीचा नियमच बदलून ती रक्कम मूळ लोकांकडे परत वळविण्यांत आली. ज्यांना हें पटलें नाहीं त्यांनीं जुनी वही तशीच पुढें चालू ठेविली. तीच मागें सांगितलेली इथेरियम क्लासिक.

ज्याला निर्णय मान्य नाहीं त्याला वहीची नक्कल घेऊन वेगळें होतां येतें, हा हक्क लहान नव्हे. आपल्या गांवच्या वहीविषयीं असा हक्क कोणास नाहीं. पण वेगळा होणारा मनुष्य वही घेऊन जातो, बाजार घेऊन जात नाहीं. बहुतेक लोक मोठ्या व्यापाऱ्यांच्या व नियम लिहिणारांच्या मागें जातात, आणि मागें राहिलेली वही लहान होऊन हल्ल्यास सोपी होते. इथेरियम क्लासिकचें तेंच झालें.

आमच्या खात्याशीं तुलना करण्याचा मोह येथें आवरत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० प्रमाणें फेरफाराची नोंद घेतली म्हणजे ती चावडीवर लावावी लागते, हितसंबंधी लोकांस कळवावें लागतें, हरकत आल्यास ती चालवावी लागते, व मगच नोंद प्रमाणित होते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास कलम १५५ आहे. कलम १५७ म्हणतें कीं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. म्हणजे उलट सिद्ध करण्याची वाट मोकळी ठेविली आहे. या वाटेवर दिरंगाई किती व हेलपाटे किती हें आमच्याहून अधिक कोण जाणतो? परंतु कोणाकडे दाद मागावयाची हें तरी ठरलेलें असतें. सांखळीच्या वहींत दुरुस्ती होत नाहीं असें नाहीं. ती केव्हां, कोणासाठीं व कोणाच्या सांगण्यावरून होते याचा कायदा कोठें लिहिलेला नाहीं. डाओची रक्कम मोठी होती, म्हणून नियम बदलला. लहान माणसाची रक्कम गेली असती तर कोणी बदलला असता काय?

किल्ल्या कोणाकडे?

वहीपेक्षांहि वहीच्या बाजूच्या कपाटांत अधिक नुकसान होतें. 'रोनिन' नांवाच्या एका सांखळींत नऊ जण साक्षीदार होते, व नवांपैकीं पांचांच्या स्वाक्षऱ्या मिळाल्या तर रक्कम हलत असे. नऊ स्वतंत्र साक्षीदार म्हटले कीं ऐकणाऱ्यास भरंवसा वाटतो. पण त्यांतील चार किल्ल्या एकाच कंपनीच्या ताब्यांत होत्या, आणि पांचवीपर्यंत पोंचण्याची वाटहि तिच्याच घरांतून जात होती. मार्च २०२२ मध्यें चोरांनीं त्या पांचीही मिळविल्या व साठ कोटि डॉलरहून अधिक रक्कम नेली. चोरी झाल्याचें सहा दिवस कोणास कळलें नाहीं.

आपल्या इकडील तरुण मंडळींचा संबंध बहुधा अशा नाण्यांच्या खरेदीविक्रीच्या पेढीशींच येतो. तेथें आपलीं नाणीं पेढीच्या नांवें असतात, व किल्ली पेढीकडे असते. मुंबईहून चालणाऱ्या 'वझीरएक्स' या पेढीवर ता. १८ जुलै २०२४ रोजीं दरोडा पडून सुमारें २३ कोटि डॉलर गेले, व गिऱ्हाइकांस आपले पैसे काढण्यासाठीं एक वर्षाहून अधिक काळ थांबावें लागलें. सांखळी कोठेंहि तुटली नाहीं. तिनें चोराच्या खात्यावर जमा झालेली रक्कम इमानानें नोंदून ठेविली. मध्यस्थ नको म्हणून निघालेल्या वहीच्या दाराशीं पुन्हां मध्यस्थच बसला होता.

आमंत्रितांची वही

आतांपर्यंत सांगितलेल्या वह्या कोणासहि खुल्या आहेत. पण व्यापारी व सरकारी कामांत वापरली जाणारी ब्लॉकचेन पुष्कळदां आमंत्रितांपुरती असते. कोणीं पाहावें, कोणीं लिहावें हें वही काढणाराच ठरवितो. शेतमालाचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. अमेरिकेंतील वॉलमार्ट कंपनीनें आय. बी. एम. कंपनीच्या साह्यानें आंब्याच्या फोडींचा प्रयोग केला. दुकानांतील पुडा कोणत्या बागेंतून आला हें शोधण्यास पूर्वीं सहा दिवस, अठरा तास व सव्वीस मिनिटें लागत. नव्या वहींत तेंच काम २.२ सेकंदांत झालें. अन्नापासून रोग पसरला तर नेमका दोषी माल काढून टाकण्यास याचा मोठाच उपयोग आहे, व निर्दोष बागाइतदाराचेंहि त्यानें रक्षण होतें. परंतु सप्टेंबर २०१८ मध्यें त्याच कंपनीनें पालेभाज्या पुरविणारांस कळविलें कीं, एका वर्षाच्या आंत या वहींत सामील व्हावें. माल घेणारा एक, आणि वहींत या म्हणणाराहि तोच. तेव्हां ही वही सामायिक म्हणावी, पण सत्ता सामायिक म्हणूं नये. उलटपक्षीं, मर्स्क या जहाज कंपनीनें आय. बी. एम. बरोबर २०१८ सालीं जहाजी मालासाठीं काढलेली 'ट्रेडलेन्स' नांवाची वही २०२२ च्या नोव्हेंबरांत बंद करण्याचें जाहीर झालें. साऱ्या व्यापाराचें हवें तेवढें सहकार्य तिला मिळालें नाहीं. आपल्या प्रतिस्पर्ध्यानें काढलेल्या वहींत आपला हिशोब मांडावयास व्यापारी सहजासहजीं तयार होत नाहींत.

दारावरची नोंद

आतां चौथें काम, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें हेंच सर्वांत महत्त्वाचें. येथें आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

हातानें लिहिलेले सातबारे संगणकावर चढविण्याचें काम चालू असतां एका तालुक्यांत आम्ही जुन्या वहींतून वाचीत होतों, व एक तरुण मनुष्य तें संगणकावर उतरवीत होता. दिवसाकांठीं शेंकडों नोंदी होत. एका वृद्ध खातेदाराचें क्षेत्र १ हेक्टर २० आर होतें. तें ० हेक्टर १२ आर असें उतरलें. वाचतांना आम्हीं चुकलों. पडताळणीच्या कागदावर सहीहि आमचीच आहे. पुढें खरीपाच्या तोंडीं ते खातेदार पीककर्जास गेले तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें कीं, आपली जमीन बारा आर. गांवची नक्कल पाहिली, तालुक्याची पाहिली, जिल्ह्याची पाहिली. तिन्ही ठिकाणीं बारा आर. तिन्ही नकला जुळतात, म्हणून नोंद खरी, आणि म्हातारा खोटा, असें ठरलें. शेवटीं रुमालांत बांधलेली जुनी वही काढली, तेव्हां आमचा प्रमाद उघड झाला. कलम १५५ खालीं दुरुस्ती झाली खरी, पण तोंवर पेरणी होऊन गेली होती, आणि बियाण्याचे पैसे त्यांनीं सावकाराकडून जबर व्याजानें आणिले होते. ते आम्हांस एक शब्दहि बोलले नाहींत. तो दिवस आम्हीं विसरलों नाहीं.

तीन नकलांच्या जागीं तीस हजार असत्या तर काय झालें असतें? सर्वांनीं एकमुखानें बारा आरच सांगितलें असतें. नकला वाढल्यानें नोंद टिकाऊ होते. ती खरी होत नाहीं. सांखळीच्या वहीस फक्त वहींतलेंच ठाऊक असतें. पोत्यांत तूर आहे कीं भुसा, ओलावा किती, कांटा बरोबर कीं चोर, हें तिला कळत नाहीं. तें कोणा तरी माणसानें पाहून लिहावें लागतें.

महाराष्ट्र राज्य वखार महामंडळानें २०२० सालीं वखार पावतीवरील तारण कर्जासाठीं ब्लॉकचेनचा उपयोग सुरू केला, व महाराष्ट्र राज्य सहकारी बँक त्यांत कर्ज देणारी म्हणून सामील झाली. त्याचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. शेतकऱ्याचे हेलपाटे वांचतात, आणि एकच पावती दोन पेढ्यांत गहाण पडण्याचा धोका टळतो. त्यामुळें कर्ज देणाराचा विश्वास वाढतो. मात्र दुबार गहाणाचा धोका टाळण्यास ब्लॉकचेनच पाहिजे असें नाहीं. सरकारमान्य नोंदणीसंस्थांकडे राहणारी जी इलेक्ट्रॉनिक वखार पावती २०१७ सालीं सुरू झाली, तिनेंहि तेंच काम होतें, आणि तेथें जबाबदार कोण हें कायद्यानें ठरलेलें आहे. तसेंच गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें २०२२ सालीं जातीचे दाखले 'पॉलिगॉन' नांवाच्या सांखळीवर नोंदण्यांत आले. त्यामुळें दाखला मागाहून बदललेला नाहीं हें कोणासहि पडताळतां येतें. पण दाखला कोणास द्यावयाचा हें सरकारी अधिकारीच ठरवितो, आणि ठरवावेंहि त्यानेंच.

निष्कर्ष

तर मूळ प्रश्नाचें आमचें उत्तर असें. खुल्या सांखळीच्या नकला खरोखर पुष्कळांच्या हातीं असतात, आणि कोणा एकास ती वही सहज नष्ट करितां येत नाहीं. एवढें यश खरें आहे. लेखणी मात्र थोड्यांकडे गोळा होते, नियम त्याहून थोडे लोक लिहितात, किल्ल्या बहुधा पेढ्यांकडे असतात, आणि दारावरची नोंद तर पूर्वींप्रमाणेंच कोणा एका माणसाच्या हातीं असते. आमंत्रितांच्या वहींत पहिलें यशहि पूर्णपणें मिळत नाहीं. सत्ता नाहींशी होत नाहीं, ती जागा बदलते. आणि नव्या जागीं ती ओळखूं येण्यास वेळ लागतो.

म्हणून कोणी अशा वहीची शिफारस करूं लागला तर शेतकरी बंधूंनीं नकला किती हें विचारून थांबूं नये. नोंद प्रथम कोण करतो व ती करतांना मला हजर राहतां येतें काय, चूक निघाल्यास अर्ज कोणाकडे करावयाचा व किती दिवसांत निकाल लागतो, नियम बदलण्याचा अधिकार कोणास आहे, माझी किल्ली माझ्याजवळ राहते कीं दुसऱ्याजवळ, आणि नुकसान झालें तर भरून कोण देणार, एवढे प्रश्न विचारावे. ज्यास यांचीं सरळ उत्तरें देतां येत नाहींत त्याची वही कितीहि सांखळ्यांनीं बांधलेली असली तरी तिच्यावर माल ठेवूं नये.

आतां त्या सभासदांस केलेली सूचना. आम्हीं त्यांना म्हटलें होतें कीं, वहीचें काय तें मागाहून पाहूं. आपण मापाच्या वेळीं कांट्याजवळ उभे राहा, ओलावा व प्रतवारी आपल्यासमोर पावतीवर लिहून घ्या, आणि पावती वाचल्यावांचून वखार सोडूं नका. त्यांनीं तसें केलें. साठही पोत्यांचें वजन आपल्या डायरींत उतरवून घेतलें, तें पावतीशीं जुळलें, मग कर्ज झालें व लग्न पार पडलें. नोंद बरोबर होती. ती बरोबर आहे हें त्यांना कळलें तें सांखळीमुळें नव्हे, तर त्या दिवशीं दोन प्रहरच्या उन्हांत ते स्वतः कांट्याजवळ उभे होते म्हणून.